किल्ली कोणाच्या खिशात?

गेल्या वर्षी रमजानमध्ये इफ्तारीची भजी तळत होते, तेवढ्यात दुबईहून एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. सलाम-दुआ झाली, घरच्यांची चौकशी झाली. मग तो जरा अडखळला. "आपा, शाळेची वेबसाइट अलीकडे बघितली का तुम्ही?"

"नाही रे. काय झालं?"

"तुम्हीच बघा. मी काय सांगू."

गॅस बंद केला आणि मोबाइलवर शाळेच्या वेबसाइटचा पत्ता टाकला. पत्ता तोच, शाळेच्या नावाचा. पण आत मुख्याध्यापकांचं मनोगत नव्हतं, गॅदरिंगचे फोटो नव्हते. क्रिकेटवर सट्टा लावायच्या जाहिराती होत्या. पहिल्या डावाला बोनस मिळेल असं चमकत्या अक्षरांत लिहिलेलं. रोजा सोडताना त्या दिवशी खजूर घशाखाली उतरेना.

झालं होतं ते असं. दहा-बारा वर्षांपूर्वी संस्थेनं ओळखीच्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली होती. मुलगा भला होता, पैसेही त्यानं कमीच घेतले. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्यानं स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतला. होस्टिंग त्याचं, पासवर्ड त्याच्याकडे. पुढं त्यानं तो धंदा सोडला, गाव सोडलं, नंबर बदलला. वर्षाची फी भरा अशी आठवण करून देणारे ईमेल त्याच्या जुन्या खात्यात पडून राहिले. मुदत संपली, नाव मोकळं झालं आणि कुणा तिसऱ्यानं ते विकत घेतलं. लोकांच्या ओळखीची अशी जुनी नावं उचलून त्यांवर सट्ट्याची दुकानं मांडणं हा एक चालता धंदाच आहे. म्हणजे चोरी कुणी केली नव्हती. आमच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती, आणि हे आम्हाला दहा वर्षांत एकदाही खटकलं नव्हतं.

गेलं काय? शाळेच्या वार्षिकांकातले मुलांचे निबंध, उर्दूतले आणि मराठीतले. निवृत्त झालेल्या दोन शिक्षकांच्या आठवणी, त्यातले एक आता हयात नाहीत. काही पानं इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये सापडली. जगभरातल्या वेबपानांच्या प्रती काढून जपणारं हे ग्रंथालय आहे. बाकीचं गेलं.

मला राग आला तो त्या मुलाचा नाही, आमचाच. शाळेच्या जागेचा सात-बारा आम्ही कपाटात कुलूप लावून ठेवतो. ट्रस्टच्या कागदांची झेरॉक्स तीन ठिकाणी असते. बँकेच्या खात्यावर दोन सह्या लागतात. मग ज्या पत्त्यावर जग आपल्याला शोधतं, तो पत्ता कोणाच्या नावावर आहे हे आपण एकदाही का विचारत नाही? माझं म्हणणं आज एवढंच आहे: आपल्या शाळा, ग्रंथालयं, जमाती, साहित्य मंडळं यांनी आपली वेबसाइट स्वतःच्या नावावर, मुक्त स्रोत प्रणालीवर आणि स्वतःच्या हातानं उभी करायला शिकलं पाहिजे. हे काम 'कॉम्प्युटरवाल्या पोराचं' म्हणून सोडून द्यायचे दिवस गेले.

मी काही इंजिनिअर नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. माझ्या बी.एड.च्या काळात संगणक म्हणजे जास्तीत जास्त पॉवरपॉइंट. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसले आणि वर्डप्रेस शिकले. शिकताना जे कळलं ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी सुट्टी वाचेल.

पहिली गोष्ट. वेबसाइटचे तीन भाग असतात आणि आपण ते एकच समजतो. डोमेन म्हणजे पत्ता. होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा, जिथं आपलं सामान ठेवलेलं असतं. आणि तिसरी ती प्रणाली, जी सामान नीट लावून वाचकाला दाखवते. जुन्या पद्धतीत प्रत्येक पान वेगळं लिहिलेलं असे. मुख्याध्यापक बदलले की चाळीस पानांवर चाळीस वेळा नाव बदलायचं. वर्डप्रेससारख्या प्रणालीत मजकूर एका डेटाबेसमध्ये असतो, म्हणजे एका मोठ्या रजिस्टरमध्ये. तो कसा दिसावा हे 'थीम' ठरवते. फोटोंचं दालन, अर्जाचा फॉर्म अशा जादा सोयी 'प्लगइन' देतात. कपडे बदलले म्हणून माणूस बदलत नाही, तसं थीम बदलली म्हणून मजकूर जात नाही. तो बाहेर काढून दुसऱ्या जागी नेताही येतो. भाडेकरूला घर बदलताना आपला संसार सोबत नेता यावा, एवढंच हे तत्त्व आहे. पण फार मोठं आहे.

दुसरी गोष्ट 'मुक्त' या शब्दाची. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की फुकट की स्वतंत्र असा घोळ होतो. आपल्याकडे तो नाही. मराठीत फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, उर्दूत मुफ्त वेगळं आणि आजाद वेगळं. वर्डप्रेस फुकट मिळतं ही गोष्ट दुय्यम आहे. ते आजाद आहे ही मुख्य. ते जीपीएल नावाच्या परवान्याखाली येतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली. तो परवाना चार मोकळिका देतो: कोणत्याही कामासाठी वापरा, आतली रचना उघडून बघा, हवी तशी बदला, दुसऱ्यांना वाटा. अट एकच. बदलून वाटाल तर घेणाऱ्यालाही याच मोकळिका द्या. मला हे वाचताना गावातल्या जुन्या बारवेची आठवण झाली. पाणी सगळ्यांचं, गाळ काढायचं कामही सगळ्यांचं, आणि कुणी बारवेला कुलूप घालायचं नाही.

ही मोकळीक नुसती कागदावरची नाही. वर्डप्रेसचा जन्मच तिच्यातून झाला. मिशेल वालड्रिगी नावाच्या माणसानं 'बी-टू' नावाची ब्लॉग लिहायची प्रणाली केली होती. ती त्याच्याकडून मागे पडली. दुसरा परवाना असता तर ती तिथंच मेली असती. पण जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या मॅट मुलेनवेग या एकोणीस वर्षांच्या तरुणानं लिहिलं की, हे काम कुणीतरी पुढं न्यायला हवं. इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी उत्तर दिलं की मी सोबत येतो. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्याच्यावर चालतात. एकानं सोडलेलं काम दुसऱ्यानं हक्कानं उचलावं, कुणाची परवानगी न मागता. आमच्या शाळेच्या वेबसाइटचं नेमकं हेच होऊ शकलं नव्हतं.

वर्डप्रेसची भावंडंही आहेत. बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी २००१ मध्ये आणलेलं ड्रुपल, आणि २००५ मध्ये 'मॅम्बो'तून फुटून निघालेलं जूमला. या जूमला नावावर मी थबकलेच. ते आलं स्वाहिली भाषेतल्या 'जुमला' शब्दावरून, अर्थ 'सगळे मिळून'. स्वाहिलीत तो अरबीतून गेला. त्याच अरबीतून तो आपल्याकडेही आला. मराठीत जुमला म्हणजे एकूण बेरीज, उर्दूत वाक्यही आणि 'सर्व'ही. उर्दू पुस्तकाच्या पहिल्या पानांत छापलेलं असतं, 'जुमला हुकूक महफूज', म्हणजे सर्व हक्क राखीव. आणि इथं त्याच शब्दाच्या नावानं अशी प्रणाली, जिनं हक्क सगळ्यांना वाटून टाकले. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुली हसल्या, पण 'लायसन्स' म्हणजे काय हे त्या दिवशी त्यांना कळलं.

मुक्त म्हणजे सगळं गोड असं मात्र नाही. २०२४ मध्ये मुलेनवेग आणि 'डब्ल्यूपी इंजिन' ही होस्टिंग कंपनी यांच्यात मोठा वाद झाला. त्या कंपनीचा वर्डप्रेसच्या मध्यवर्ती साठ्यातला प्रवेश बंद केला गेला. तिच्याकडचं एक लोकप्रिय प्लगइन त्या साठ्यात दुसऱ्या नावानं ताब्यात घेतलं गेलं. प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टानं प्रवेश पूर्ववत करायला सांगितलं. बरोबर कोण याचा निवाडा मी करणार नाही. पण धडा स्पष्ट आहे. प्रणाली मुक्त असली, तरी ती ज्या नळातून रोज अद्ययावत होते, त्या नळाची तोटी कुणाच्या तरी हातात असते. म्हणून आपल्या मजकुराची प्रत आपल्या घरात हवीच. बारव सार्वजनिक असली तरी घागर आपली लागते.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. दोन लिप्या.

आमचं सोलापूर मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार भाषांत बोलतं. शाळेची वेबसाइट निदान दोन भाषांत हवी, यात मला शंका नव्हती. कमिटीत होती. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "टीचर, उर्दू शाळा आहे, मराठी कशाला?" दुसरे म्हणाले, "उलट मराठीच ठेवा. उर्दू दिसली की लोकांना भलतंच वाटतं." मी दोघांचं ऐकून घेतलं. पहिल्यांना म्हटलं, चाचा, आपल्याच मुलांचे किती आई-वडील उर्दू वाचतात ते हजेरीपटावरून बघू या का? आमच्याकडे घरात दखनी बोलणारे पण लिहिता-वाचताना मराठीच जवळची वाटणारे पालक भरपूर आहेत. मराठी पान 'इतरांसाठी' नाही, ते आपल्याही घरासाठी आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून आपण या भाषेत लिहितो आहोत. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये याच सोलापुरात झालं. आणि दुसऱ्यांना म्हटलं, भाईजान, जी भाषा लपवावी लागते ती मुलांनी अभिमानानं कशी शिकायची? शेवटी ठरलं की दोन्ही भाषा ठेवायच्या, दोन्हींचं दार सारखंच मोठं, आणि एक दुसरीचा तरजुमा नाही. मराठीत निबंध आला तर तो मराठी पानावर, उर्दूत गजल आली तर उर्दू पानावर. सूचना, प्रवेशाच्या तारखा तेवढ्या दोन्हीकडे.

ठरवणं सोपं, उभं करणं अवघड. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. वर्डप्रेसला भाषा उर्दू आहे असं सांगितलं की ते पान आरशातल्यासारखं उलटवतं: यादी उजवीकडे, बाण उलटे. पण सगळ्याच थीम हे नीट करत नाहीत. ज्यांनी 'डाव्या बाजूला इतकी जागा सोड' असं लिहिलेलं असतं, तिथं उर्दू येताच मजकूर कडेला चिकटतो. ज्यांनी 'ओळीच्या सुरुवातीला जागा सोड' असं लिहिलेलं असतं, तिथं दोन्ही भाषा सुखानं नांदतात. डावं-उजवं न म्हणता 'सुरुवात' आणि 'शेवट' म्हणायचं, ही छोटीशी समजूत. थीम निवडताना मी तीच आधी तपासली.

मग नस्तालीक. आपल्या डोळ्यांना उर्दू म्हणजे नस्तालीकच, झोक्यासारखी वरून खाली उतरणारी. हे अक्षर यंत्रावर आणणं इतकं कठीण की उर्दू वर्तमानपत्रं कित्येक दशकं कातिबांच्या हातानंच लिहिली गेली. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचं नूरी नस्तालीक आलं आणि मग चित्र बदललं. वेबवर आज 'नोटो नस्तालीक उर्दू'सारखे मुक्त फाँट आहेत. पण मराठीसाठी पुरणारं ओळींतलं अंतर नस्तालीकला पुरत नाही. मेनूत शब्दांची डोकी छाटली जात होती, नुक्ते खालच्या ओळीवर पडत होते. उर्दू पानांसाठी अंतर जवळपास दुप्पट केलं तेव्हा अक्षरांनी श्वास घेतला. एकाच ओळीत उर्दू आणि मराठी आले की कंस उलटतात आणि पूर्णविराम दुसऱ्या टोकाला पळतो. त्यावर उपाय एकच: त्या तुकड्याची भाषा आणि दिशा प्रणालीला स्पष्ट सांगायची.

मराठीचेही हट्ट आहेत. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र मोडला की मराठी माणसाचा डोळा तिथंच अडतो. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी वळण दिसतं. मुंबईच्या 'एक टाइप'नं केलेले 'मुक्ता', 'बलू' यांसारखे मुक्त फाँट मराठीसाठी वापरायला छान आहेत. आणि जुना मजकूर? वार्षिकांकाच्या फाइली मराठीत श्रीलिपीच्या, उर्दूत इनपेजच्या. वेबसाइटवर चिकटवल्या की नुसती खिचडी. त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या, तरी जोडाक्षरं तुटतात, उर्दूत शब्दांमधल्या जागा नाहीशा होतात. मग दोन मुली आणि मी, ओळ न् ओळ तपासत बसलो. शुद्धलेखनाचा इतका चांगला तास मी वर्गात कधी घेतला नाही.

हे सगळं मी चुका करतच शिकले. थीमच्या मूळ फाइलीत थेट बदल केले. थीमची नवी आवृत्ती आली आणि माझी आठ दिवसांची मेहनत पुसली गेली. तेव्हा 'चाइल्ड थीम' कळली: मूळ थीमला हात लावायचा नाही, तिचं एक लेकरू करायचं आणि बदल त्याच्यात ठेवायचे. एकदा एक अर्धविराम विसरले आणि सगळी वेबसाइट बंद. नशीब की २०१९ पासून वर्डप्रेसमध्ये अशा वेळी आत शिरायला एक मागचा दरवाजा ठेवलेला आहे. त्याची लिंक ईमेलवर आली आणि वाचले. प्लगइनच्या बाबतीत तर लग्नाच्या बस्त्यासारखं झालं होतं, दिसेल ते घे. साठ्यात ५० हजारांहून अधिक प्लगइन आहेत. मी वीस बसवली, वेबसाइट बैलगाडी झाली, आता सहा आहेत.

आणि एक मोहही आला. एका ओळखीच्यानं विकतची थीम फुकटात देऊ केली, 'क्रॅक केलेली'. अशा प्रतींमध्ये अनेकदा कुणीतरी आपला गुप्त कोड घुसवलेला असतो. तो चोरवाटेनं आपल्या पानांवर दुसऱ्याच्या जाहिराती लावतो, वाचकाला भलतीकडे पाठवतो. एकदा सट्ट्याच्या जाहिरातींनी पोळल्यावर मी ते तोंडात घालणार नव्हते. शिवाय जिथं मुक्त आणि चांगलं हक्कानं मिळतं, तिथं चोरीचं का घ्यायचं, हा साधा प्रश्न आहेच.

यावर नेहमीचं उत्तर येतं: "एवढं कशाला? फेसबुक पेज आहे, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे." आहेत, आणि असू द्या. निरोप पोचवायला ते उत्तम. पण व्हॉट्सॲपवर गेल्या रमजानमध्ये कुणी काय छान लिहिलं होतं ते आज शोधून दाखवा. फेसबुकच्या पेजवर आपलं पान कुणाला दिसावं हे आपण ठरवत नाही, आणि खातं एका दिवसात बंद झालं तर दाद कुणाकडे मागायची तेही कळत नाही. आपल्या आधीच्या पिढीनं जे लिहिलं, ती कात्रणं आणि हस्तलिखितं बरीचशी घराघरांतल्या कपाटांत पिवळी पडताहेत. निदान ती कपाटं आपली आहेत. आपली पिढी मात्र सगळं लिहून दुसऱ्याच्या कपाटात ठेवते आहे.

दुसरं उत्तर पैशांचं. आमचा डोमेन आणि होस्टिंगचा वर्षाचा खर्च गॅदरिंगच्या मंडपापेक्षा कमी आहे. खरी टंचाई पैशांची नाही, माणसांची आहे. जाणकार एकच असला की पुन्हा किल्ली एकाच खिशात, मग तो खिसा माझा का असेना. म्हणून आम्ही ठरवलं: डोमेन संस्थेच्या नावावर, ईमेल संस्थेचा, पासवर्ड सीलबंद पाकिटात कपाटात, काम जाणणारी माणसं किमान तीन, दर महिन्याला पूर्ण प्रत उतरवून दोन ठिकाणी ठेवायची. हे कुठल्याही मशिदीच्या ट्रस्टला, वाचनालयाला, महिला मंडळाला जमण्यासारखं आहे.

तीन माणसांतल्या दोन आमच्या नववीच्या मुली आहेत. त्यातली एक सध्या वर्डप्रेसच्या मराठी अनुवादाकडे बघते आहे. तो अनुवाद स्वयंसेवक करतात, कुणीही सुचवू शकतं. 'पोस्ट'ला लेख म्हणावं की नोंद, यावर तिनं मला परवा अर्धा तास थांबवलं. घेणाऱ्यानं कधीतरी द्यावंही, हे तिला कुणी शिकवलं नाही, प्रणालीच्या स्वभावातून ते आलं.

जुना पत्ता परत मिळाला नाही. नव्या नावानं वेबसाइट सुरू केली. जुन्या पत्त्यावर शाळेच्या नावाखाली अजून सट्टा चालू आहे, आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी पालक चुकून तिथं जातोच. त्या शरमेचं मी काही करू शकत नाही. पण मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फळ्यावर एका कोपऱ्यात भरायच्या रकमांच्या तारखा लिहिलेल्या असतात: घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल. त्याखाली यंदा चौथी ओळ आली आहे: डोमेन. शिपाईमामांनीच परवा आठवण केली, "टीचर, त्या पत्त्याचे पैसे भरायची तारीख आली बरं का."